एकट्याचा तंबू

८ फेब्रुवारी

मार्गदर्शक बाईंना नमस्कार.

तुमचं पाकीट आमच्या यांच्या नावानं आलं होतं, ते मी फोडलं. घरात येणारं सगळं टपाल मीच फोडते, विजेच्या बिलापासून, तेव्हा तुमच्या पाकिटाला काही खास वागणूक मिळाली असं समजू नका. यापुढे शिखराबद्दलचा पत्रव्यवहारही मीच करणार आहे. यांना लिहायला बसवलं की पानंच्या पानं भरतात आणि त्यात कामाचं एक वाक्य सापडत नाही. तुमच्या गावात फोन लागत नाही, आठवड्याच्या सामानाच्या गाडीतून टपाल येतं-जातं, हे कळल्यावर मला जरा हायसं वाटलं.

मी यांची बायको. कोपऱ्यावर माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. उंची कमी करणं, अस्तर लावणं, चेन बदलणं असली कामं करते. हे डेपोत बसची वेळापत्रकं बसवतात, ते तुम्हाला माहीतच असेल. तुम्हाला बरंच माहीत असेल म्हणा. कॉलेजात तुम्ही दोघं एकाच दोराला बांधून कडे चढायचात, हे मला लग्नाआधी सांगण्यात आलं, लग्नानंतर सांगण्यात आलं, आणि घरी कोणी आलं-गेलं की अजूनही सांगण्यात येतं. आता चहा ओतता ओतता मलाही ते तोंडपाठ म्हणता येतं. तुम्हाला हे तेव्हापासून 'खार' म्हणतात म्हणे. मी म्हणणार नाही.

तर मुद्द्याचं. मे महिन्याच्या तुमच्या तुकडीत यांनी नाव घातलंय. पन्नाशी उलटलेल्या माणसाला सहा हजार मीटर उंच बर्फाच्या शिखरावर जायची हौस एकाएकी का व्हावी, असं मी विचारलं. हे म्हणाले, "खारीचं माहितीपत्रक आलं, राहवेना." मी म्हटलं, माझ्या दुकानाचीही पत्रकं छापली होती, ती वाटायला सांगितली तेव्हा बरं राहवलं. त्यावर हसले, पाठीवर पाण्याचे कॅन बांधले आणि जिना चढउतार करायला निघून गेले. रोज हेच चाललंय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला थांबवून विचारलं, तुमच्या नळाला पाणी येत नाही का म्हणून.

मला एवढं कळवा. तुकडीत कोण कोण आहे, दोराला कोणाच्या मागे कोण असतं, आणि तंबूत कोणाबरोबर कोण झोपतं. शेवटचं आधी कळवलंत तरी चालेल.

यांची बायको


२ मार्च

बाईंना नमस्कार.

उत्तर मिळालं. तुमचं अक्षर इतकं वळणदार आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही लिहिता, तुकडीत एकाच ऑफिसातली चार तरुण मुलं आहेत, आणि हे. तुमचा मदतनीस पुढे जाऊन बर्फात दोर लावून ठेवतो. बर्फावर सगळ्यांत पुढे तुम्ही, आणि ज्याचा सराव सगळ्यांत कच्चा तो लगेच तुमच्या मागे, म्हणजे पाय घसरला तर तुम्हाला तिथल्या तिथे सावरता येतं. शास्त्र मला पटलं. आता चार तरण्या पोरांत आणि यांच्यात कच्चा कोण, हे काही मला कोणी समजावून सांगायला नको. यांना ते वाचून दाखवलं तर चेहरा असा फुलला की काय सांगू. "म्हणजे परत तिच्याच मागे," म्हणाले. ते 'परत' मला दिवसभर चावत होतं. एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या मी उलट्या शिवल्या आणि पुन्हा उसवत बसले.

सामानाच्या कागदात तुम्ही लिहिलंय, स्लीपिंग बॅग डाव्या चेनची मिळाली तर उत्तम. आता बाई, चेन हा माझा धंदा आहे. डाव्या चेनची आणि उजव्या चेनची बॅग शेजारी शेजारी उघडून ठेवली की दोन्ही चेना एकमेकींत बसतात आणि दोन माणसांची मिळून एक बॅग होते. नव्या जोडप्यांना मी स्वतः तशा जोडून दिल्या आहेत. तुमच्या बॅगेची चेन कुठल्या बाजूला आहे, ते उलट टपाली कळवा. मी यांच्यासाठी उजव्या चेनची आणून ठेवलीय. तुमची डावी निघाली तर बदलून आणेन.

आणि तुमच्या डोळ्यांसमोर अजून तो कॉलेजातला सडपातळ पोरगा असेल तर तेही सांगून टाकते. पोट सुटलंय. वाचायला एक चष्मा आणि तो शोधायला दुसरा लागतो. रात्री घोरतात ते इतकं, की भिंतीपलीकडे मला, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जातं. त्यामुळे तुकडीतल्या कोणाचीच झोपमोड नको. यांना एकट्याचा तंबू द्या, माझी एवढी एकच विनंती आहे.

यांची बायको


२४ मार्च

बाईंना नमस्कार.

तुमच्या बॅगेची चेन मधोमध, छातीवरून सरळ खाली येते, हे वाचलं. असल्या चेनेला जोड नसतो. डावी चेन उजव्या हातानं काम करणाऱ्याला अंधारात चटकन उघडता येते म्हणून सुचवली होती, हेही समजलं. ठीक आहे, आणते डावी.

यांचं म्हणाल तर घर सगळं दोरांनी भरलंय. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या पायाला गाठी मारत बसतात. काल मी विचारलं, ही कुठली गाठ. तर म्हणाले, "खारीनं शिकवली होती, अजून हाताला आठवते बघ." इतकी वर्षं मी यांच्या डोळ्यांदेखत धाग्याला गाठी मारतेय, कधी एकदा म्हणाले नाहीत, ही कशी मारलीस, मलाही दाखव. मी ताटं घेतली आणि आत गेले. पोटात दुखणं म्हणतात ते हेच असेल तर हो, दुखतंय माझ्या पोटात, तुमच्यापासून लपवून काय करू.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिता, "एकट्याचा तंबू देईन, पण त्याआधी एक सांगा. घोरता घोरता ते मध्येच एकदम शांत होतात का, आणि थोड्या वेळानं गुदमरल्यासारखे दचकून श्वास घेतात का? खाली ज्याचा श्वास झोपेत अडतो, त्याचा वरच्या विरळ हवेत फार जास्त अडतो. एकट्या तंबूत ते कोणाला कळायचं नाही. ज्याचा अडतो त्याला स्वतःलाही कळत नाही. शेजारी झोपणाऱ्या माणसालाच ते माहीत असतं, म्हणून तुम्हाला विचारते."

शेजारी झोपणाऱ्या माणसाला. हे तुम्ही सहज लिहिलंत की मला डिवचायला, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. तर ऐका. मी यांची बायको आहे, यांचा एकेक श्वास माझ्या ओळखीचा आहे. काही अडत नाही की थांबत नाही. मागच्या पत्रात घोरण्याचं मी रागाच्या भरात जरा वाढवून लिहिलं होतं. तान्ह्या बाळासारखे झोपतात, ज्या कुशीवर झोपतात त्याच कुशीवर उठतात. रोज शेजारी असणाऱ्या बाईला ठाऊक नसेल तर मग कोणाला ठाऊक असणार? एकट्याचा तंबू द्या आणि निश्चिंत राहा.

यांची बायको


९ एप्रिल

बाईंना नमस्कार.

तुमचा सगळा बेत पोचला. गाडीरस्ता संपतो तिथून बेस कॅम्पपर्यंतची चाल, हवेची सवय व्हावी म्हणून मधले मुक्काम, मग वरचा कॅम्प, तिथून पहाटेच्या अंधारात शिखर. आणि वरच्या कॅम्पच्या नकाशात अगदी कडेला एक छोटा तंबू, त्यावर यांचं नाव, पुढे कंसात 'एकटे'. तुमच्याच वळणदार अक्षरात. मी ते दोनदा वाचलं, मग दुकानात नेऊन पुन्हा वाचलं.

यांनी त्याचं लगेच डेपोच्या पद्धतीनं वेळापत्रक केलं. प्रत्येक मुक्कामाचं आगमन, प्रस्थान, उशीर झाल्यास पर्यायी व्यवस्था. ते फ्रिजवर चिकटवलंय आणि दूध काढायला गेलं की थांबून वाचतात. शिखरासमोर फक्त आगमन लिहिलंय. मी म्हटलं, तिथून प्रस्थान नाही का. तर म्हणाले, तिथे पोचल्यावर बघू.

बर्फ आत जाऊ नये म्हणून बुटांवर घालायचे लांब मोजे असतात ना जाड कापडाचे, ते मी यांच्यासाठी घरीच शिवले. कापड उरलं म्हणून तुमच्यासाठीही एक जोड पाठवतेय. माप अंदाजानं घेतलंय, माहितीपत्रकावरच्या फोटोवरून. तुमच्या पोटऱ्या बारीक आहेत, सैल झाले तर आत टीप मारा.

मन आज मोकळं आहे, म्हणून शिवले गेले. उद्या कदाचित शिवले नसते.

यांची बायको


१४ एप्रिल

बाई,

हे पत्र हातात पडल्यावर आधी वाचा, गाडीतलं सामान मागून उतरवा. ड्रायव्हरला तसं सांगायला बजावलंय.

रविवारी दुपारी दुकान बंद होतं. हे जिना करून आले, जेवले आणि बाहेरच्या सोफ्यावर उताणे झोपले. मी बाजूच्या खुर्चीत एका पडद्याला हातशिलाई घालत बसले होते. घोरणं सुरू झालं. मग बंद पडलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, कान शांत झाले. पण ती शांतता काही बरोबर नव्हती. मी मान वर केली तर छाती नुसती हिसके देत होती आणि हवा आत जात नव्हती. ओठ कसेतरी दिसत होते. सुई धरलेला हात माझा तसाच राहिला आणि कळलंच नाही, मीही श्वास धरून बसले होते. माझा धीर सुटला, मी श्वास घेतला. यांचा अजून आला नव्हता. मी उठून यांच्या अंगावर धावणार तेवढ्यात घशातून चमत्कारिक आवाज करून यांनी हवा ओढली आणि पुन्हा घोरायला लागले. डोळासुद्धा उघडला नाही. मग परत तेच झालं, आणि परत. पडदा तसाच मांडीवर घेऊन मी सगळी दुपार ते बघत बसले.

तुम्ही सरळ शब्दांत विचारलं होतंत आणि मी तोंड वर करून खोटं लिहिलं. खरं ते असं, की मला माहीत नव्हतं. मी शेजारी नसतेच.

शिलाई मशीनच्या खोलीत एक कॉट आहे. एकदा शाळांच्या गणवेशांचं मोठं काम आलं होतं आणि घोरण्यानं माझी झोप होईना, म्हणून मी चार दिवस तिकडे झोपायला गेले. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. सकाळी चहा एकत्र होतो, रात्री जेवण एकत्र होतं, मग हे आपल्या खोलीत जातात आणि मी माझ्या. मुलगी शिकायला बाहेर गेली, तिलासुद्धा हे ठाऊक नाही. एक वेळ रस्त्यावरच्या माणसाला सांगितलं असतं. पण ज्या बाईच्या दोराला माझा नवरा बांधला जाणार, जिचं नाव काढलं की हा माणूस वीस वर्षांनी लहान होतो, तिला मी लिहू, की मी दुसऱ्या खोलीत झोपते? जीव गेला तरी लिहिलं नसतं. आता यांचा जाईल म्हणून लिहितेय.

तो कडेचा तंबू रद्द करा. माझ्या सांगण्यावरून तुम्ही यांना तिथे एकट्याला झोपवलं असतंत, हे मनातून जात नाही. उद्या डॉक्टरकडे नेतेय, ते काय म्हणतात ते कळवते. यांना अजून सगळं सांगितलेलं नाही, नुसतं तपासणी आहे म्हटलंय.

आणि हे वाचून माझी कीव करायला लागू नका. ते मला अजिबात खपणार नाही.


२ मे

खार,

आजपासून अगं-तुगं. ज्या बाईला मी नवऱ्याच्या शेजारी झोपायला सांगणार आहे, तिला अहो-जाहो करायला मला जमायचं नाही.

डॉक्टरांनी यांना रात्रभर नाकाला आणि बोटाला यंत्र लावून झोपवलं. आजार आहे, पण अजून हाताबाहेर गेलेला नाही. उताणं झोपलं की वाढतो, कुशीवर बराच कमी होतो. वर जायला हरकत नाही म्हणाले, पण झोपेची गोळी घ्यायची नाही, चढ हळूहळू करायचा, शेजारी सावध झोपेचं माणूस हवं, आणि त्रास वाढला तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. ते सगळं त्यांच्याच हस्ताक्षरात सोबत जोडलंय, तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखव.

तुझं पत्र त्याच आठवड्यात आलं. माझ्या खोटेपणावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. त्याचा मला रागच आला. तू चार शब्द सुनावले असतेस तर मला बरं पडलं असतं. तू लिहिलंस, बेस कॅम्पपर्यंत तुझा मदतनीस यांच्या तंबूत झोपेल. पण वरच्या कॅम्पवर तो रात्रीच दोर लावायला निघतो. त्या पोरांची झोप मेल्यासारखी, त्यांचा काही भरवसा नाही. म्हणजे एक तर तू शेजारी झोपणार, नाहीतर यांना बेस कॅम्पवरच थांबवणार. "तुम्ही सांगाल तसं करू. थांबवायचं असेल तर कारण मी माझं म्हणून देईन, तुमचं नाव निघणार नाही." असं तू लिहिलंस. अशी वागलीस की मला तुझा धड रागराग पण करता येईना.

'थांबवा' असं मी एका कार्डावर लिहिलं होतं. पत्ता घातला, तिकीट लावलं. यांना आयुष्यात कधी कळलं नसतं. बर्फ खराब होता, असं तू सांगितलं असतंस आणि यांनी ते खरं मानलं असतं, तुझ्यावर काय, डोळे मिटून विश्वास. दोन दिवस ते कार्ड दुकानात कात्रीखाली पडून होतं.

मग मी यांना सगळं सांगितलं. श्वासाचं, खोट्या पत्राचं, तुझ्या तंबूचं. तंबूचं ऐकल्यावर पहिलं वाक्य काय यावं? "खार? ती झोपेत लाथा मारते." मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक. म्हणाले, "अगं, आठ जण एका तंबूत होतो, सगळ्यांनाच बसल्या." हसत होते. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसू गेलं. उठले, फ्रिजवरचं वेळापत्रक काढून घडी घातली. नवे बूट खोक्यात ठेवले, लेसा नीट आत खोचल्या, झाकण लावलं. "राहू दे," म्हणाले, "तू म्हणशील तसं."

हे शब्द ऐकायला मी किती वर्षं कान टवकारून बसले होते. ऐकले आणि मला मुळीच आवडले नाहीत. आदळआपट केली असती, तुझ्यासाठी माझ्याशी भांडले असते, तर मी ते कार्ड नक्की पेटीत टाकलं असतं. हे आपले खोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि वय झाल्यासारखे दिसत होते. मीच झाकण उघडलं आणि बूट बाहेर काढले.

तेव्हा नीट वाच. त्या रविवारपासून मी यांच्या खोलीत झोपते, त्यामुळे आता सांगतेय ते ऐकीव नाही.

यांना कुशीवर झोपव. आतल्या बनियनला मी पाठीच्या मधोमध एक खिसा शिवलाय आणि त्यात लोकरीचा घट्ट गुंडा बसवलाय, म्हणजे उताणे झाले की टोचून आपोआप वळतात. तो काढून ठेवायला बघतील, काढू द्यायचा नाही. तरीही श्वास अडला तर खांदा हलवू नकोस, झोपेत हात झटकतात, तुला लागेल. मानेखाली तळहात ठेवून डोकं जरासं वर उचल. तेवढ्यानं येतो. नाही आला तर कानाची पाळी ओढ, जोरात. किती वेळ थांबायचं हे मी माझा श्वास धरून ठरवते. माझा संपला की यांना उठवायचं. पण तुझी छाती डोंगरातली, तुझा श्वास संपेपर्यंत थांबलीस तर फार उशीर होईल. तू आपली लवकर उठव, उगाच धीर धरू नकोस.

वर काही बिघडलं तर खाली आण. शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी. हे गयावया करतील, तुमच्या त्या जुन्या कड्यांच्या आठवणी काढतील. तू ऐकशील अशी मला भीती वाटते, कारण मी असते तर मीही ऐकलं असतं.

मी बेस कॅम्पपर्यंत यावं असं तू लिहिलंस. मनात खूप आलं. पण मी आले तर डोळे सगळे तुझ्यावर लावून बसेन, आणि त्याचा यांना काही उपयोग नाही. आणि तुझ्याबद्दल माझा जळफळाट होता तेवढाच आहे. दोराचा, गाठींचा, त्या तंबूतल्या आठ जणांचा. तो काही या पत्रानं मिटायचा नाही. तू शेजारी झोपणार त्या रात्री मी इथे जागीच असेन.

एक राहिलं. तू उठवलंस की हे डोळे उघडत नाहीत. तसेच पडल्या पडल्या विचारतात, "अजून झोपली नाहीस?" आवाज तेव्हा इतका मऊ असतो, दिवसा कधी नसतो तसा. ते मला विचारलेलं असतं. तू उत्तर देऊ नकोस.